शेजारची ओल

अमेरिकेतल्या कॅरोलिनात राहणाऱ्या आयडेलाच्या लाकडी घराखालच्या बुटक्या पोकळीत कायम ओल असायची. घराच्या फळ्यांखालच्या तुळया कुजल्या, तिचा खोकला हटेना. शेवटी ओल बंद करायला तिनं माणूस बोलावला. तो सरपटत घराखाली गेला आणि चिखलानं माखून बाहेर आला.

"मॅडम, ओल अडवायला मातीवर प्लास्टिक अंथरलंय ना, त्याच्याखाली एक पाइप दडवलाय. शेजारच्या घरातलं पाणी तुमच्याकडे सोडलंय."

ते प्लास्टिक तिचा नवरा गेला त्या वर्षी शेजारच्या रॉइसनं स्वतःच्या हातानं अंथरलं होतं. आत्ताही तो तिच्याच व्हरांड्यात बसून थंडगार चहा पीत होता.

आयडेला त्याच्याकडे वळली.

"माझं तळघर पाण्यानं भरत होतं गं," तो पुटपुटला. "तुझ्याकडे खाली काय, नुसती मातीच."

"वर मी राहते ना, रॉइस."