चौकटीतल्या बाई

“उजवा म्हणजे नक्की कुठला, ते एकदा ठरवून टाक म्हणावं हिला,” शेवटच्या रांगेत बाईंच्या थोरल्या जाऊबाई पुटपुटल्या. हळू पुटपुटणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

व्यायामाच्या बाईंनी ‘उजवा’ म्हणत डावा हात वर केला होता. बायका फिसकन हसल्या. बाईही हसल्या, जरा ओशाळून. कितीतरी दिवस हा वर्ग फोनवरूनच चालला होता. बाई खुर्चीवर फोन उभा करत आणि त्याच्यासमोर हातपाय हलवत. बायका आपापल्या घरी बघून बघून तसंच करत, पडद्यावरच्या छोट्या छोट्या चौकटींत सगळ्या सगळ्यांना दिसत. आज सगळ्या पहिल्यांदा समोर आल्या होत्या, घामासकट, कुरकुरीसकट. आज रंगलं नाही तर उद्या निम्म्या बायका परत सोफ्यावर, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

“आता एका पायावर.”

त्यांनी पाय उचलला आणि स्वतःच डगमगल्या. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मागची रांग तर नुसती धुरकट दिसत होती. हातभर अंतरापलीकडे काही बघायची डोळ्यांची सवयच मोडली होती.

दुसरी कुणी असती तर चक्कर आली म्हणून बसली असती. पण बाईंचा स्वभाव पहिल्यापासून चौकस. त्यांनी पिशवीतून फोन काढला, खुर्चीवर ठेवला, आपण त्यात दिसू असा. पाय उचलला. खांबासारख्या उभ्या राहिल्या. मग फोन पालथा घातला. लगेच झोकांडी.

“अगं बाई, हे बघा काय झालंय,” त्या हरखून म्हणाल्या. “मी मला दिसले तरच मी कुठे आहे ते मला कळतंय.”

“मग घरी जाताना फोन समोर धरूनच जा,” कुणीतरी म्हणालं.

बाईंना आता चेवच आला. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. “दोन्ही हात सरळ वर, कानाला लावून. झाले सरळ असं वाटलं की डोळे उघडा.”

डोळे उघडले आणि हॉलभर हशा पिकला. कुणाचे हात पुढे झुकलेले, कुणाचे फाकलेले, कुणाची मानच कासवासारखी पुढे आलेली. प्रत्येकीला वाटलं होतं, आपण सरळ आहोत. बाई रांगांमधून फिरू लागल्या. कुणाचं कोपर धर, कुणाचा खांदा खाली दाब. माणसांना हात लावून शिकवण्यातली मजा त्या पार विसरून गेल्या होत्या.

फिरत फिरत त्या शेवटच्या रांगेत आल्या. जाऊबाईंचा डावा हात कानाशी होता. उजवा खांद्यापाशीच थांबला होता.

“वर घ्या ना, जाऊबाई.”

“घेतलाय तेवढा.”

बाईंनी कोपराला धरून हात अलगद उचलला. जाऊबाईंनी ओठ दाबून धरले. हॉलमधला हशा एकदम थांबला. शेजारची बाई सतरंजीची दशी ओढत बसली. दुसरी म्हणाली, “राहू दे ना बाई, पुढचा प्रकार घेऊ.”

बाईंना नवल वाटलं. एकाच घरात दोघी राहत होत्या, वर जाऊबाई, खाली त्या. हल्ली वरच्या फळीवरचे डबे जाऊबाई त्यांच्याकडूनच काढून घेत. थोरलेपणाचा तोरा, एवढंच बाई समजून होत्या.

“कधी लचकला? आणि तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे की काय?”

जाऊबाईंनी दुसऱ्या हाताने तो हात सावकाश खाली घेतला.

“तुझ्याच वर्गात दुखावला, अगं. मग रोज फोनसमोर असाच अर्धा धरून उभी राहायचे मी. सगळ्यांना दिसला, तू तेवढी स्वतःलाच बघत होतीस.”