वीस मिनिटं

नळी वीस मिनिटं उकळायची होती. सतराच झाली होती आणि कृष्णातचा पाय एका जागी ठरत नव्हता. स्टोपाशी जायचा, घड्याळ बघायचा, मागच्या दाराची कडी लागलीय का ते पुन्हा चाचपून यायचा. रविवारची भर दुपार. कसबा बावड्यात कोण कुणाच्या दारात कधी डोकावेल याचा नेम नाही, आणि घरात बिअर करणं म्हणजे काही चकल्या करणं नव्हे.

टेबलावरच्या झाकलेल्या पातेल्यात जवाचा काढा वाफाळत होता. तो या तांब्याच्या वेटोळ्या नळीतून खाली काचेच्या बरणीत उतरायचा. नळी गार पाण्याच्या घमेल्यात ठेवली, की काढा वाटेतच थंड. गेल्या दोन्ही खेपांना बिअर अशी आंबली होती, की ताकानंही लाजावं. कारखान्यात यंत्रं बसवायला आलेल्या परदेशी फिटरनं जाताना बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांच्या तीन पुड्या दिल्या होत्या. तिसरी मघाशी काढ्यात पडली. आता बिघडलं तर खेळ खलास. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर उसाचा रस तपासणाऱ्या माणसाला घरात एक बरणी धड जमू नये, हे त्याला फार लागलं होतं.

नळी फक्रुद्दीननं वळवून दिली होती. स्टो आणि बंब दुरुस्त करणारा, शाळेपासूनचा दोस्त. स्वतः दारूच्या थेंबाला शिवणारा नव्हे, पण आपली नळी कशी चालते ते बघायला मुद्दाम आला होता. खुर्चीत बसून चहा पीत होता, त्याच्या नेहमीच्या निळ्या फुलाच्या कपातून. "मावशीनं माझ्यासाठी येगळा कप ठेवलाय," असं तो दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सांगताना छाती फुगायची.

मावशी म्हणजे कृष्णातची आई, बयाबाई. ती उंबऱ्यापाशी सूप घेऊन तांदूळ निवडत होती.

"दारू करायची ती करायची, आनि वर देवाच्या निवदागत सोवळं," ती म्हणाली.

"आई, जंतू मरत्यात उकळल्यावर. एक जरी आत ऱ्हायला तर सगळं आंबतंय."

"मरू द्यात की मग," फक्रुद्दीन हसला.

वीस झाली. कृष्णातनं चिमट्यानं नळी बाहेर काढली, उकळलेल्या फडक्यावर ठेवली आणि ती निवेपर्यंत बरणी आणायला आत गेला.

बरणी घेऊन परत येतो तो काय, फक्रुद्दीन नळीचं टोक ओठांत धरून, गाल फुगवून फुंकत होता.

"साफ हाय बघ! कुठं अडकत न्हाय!" तो खुशीत म्हणाला.

दुकानातली कुठलीही वस्तू, स्टोचा बर्नर असो की बंबाची तोटी, फुंकून बघितल्याशिवाय तो गिऱ्हाइकाच्या हातात देत नसे. हीच त्याची गॅरंटी.

कृष्णातनं बरणी खाली ठेवली. माणसाच्या तोंडात काय काय असतं, हे प्रयोगशाळेतल्या माणसाला कुणी सांगायला नको. नळी हातात घेऊन तो टेबलापर्यंत गेला. परत स्टोपाशी आला. पुन्हा टेबलापाशी. तशीच लावावी, तर तिसरी पुडी पाण्यात. परत उकळावी, तर समोर हा बसलेला, असा खूश होऊन.

"फक्रू, वाईट वाटून घिऊ नगंस," तो शेवटी म्हणाला. "परत उकळाय लागंल. तू फुंकलीस म्हनून न्हाय. मी फुंकली असती तरी उकळलीच असती."

"उकळ की! त्यात काय वाईट वाटायचं?" फक्रुद्दीन म्हणाला. त्याला खरंच काही वाटलं नव्हतं. कृष्णातनं सुटकेचा श्वास टाकला आणि नळी पाण्यात सोडली.

तेवढ्यावर भागतं तर बरं होतं.

बयाबाईनं सुपातनं मान वर केली. "आता कसं? मी त्येचा कप येगळा ठेवते, त्यो गेल्यावर उकळतं पानी वतून धुते, तर इतकी वर्सं घर डोक्यावर घेतोस. 'आई, त्येच्या तोंडाला काय रोग हाय का?' आनि आता तू काय करालाईस?"

तिच्या बोलण्यात विखार नव्हता. जुनं भांडण जिंकल्याचा आनंद तेवढा होता. ती पुन्हा खडे वेचायला लागली.

"आई!" कृष्णात ओरडला. शरमेनं त्याचे कान तापले. फक्रुद्दीनकडे बघायची हिंमत होईना, आणि बघितल्याशिवाय राहवेना.

फक्रुद्दीन हातातल्या कपाकडे बघत होता. फुलाचा निळा रंग जागोजागी उडाला होता. जुना झाला म्हणून उडाला, असंच तो आजवर समजत होता.

त्यानं राहिलेला चहा एका घोटात संपवला. उठला, स्टोपाशी गेला आणि कप अलगद उकळत्या पाण्यात, नळीच्या शेजारी सोडला. तांब्याच्या नळीवर आपटून कप खडखडायला लागला.

"किती मिनिटं म्हनालास?" त्यानं विचारलं.

कृष्णातला आकडा पाठ होता. तरी तो घड्याळाकडे बघत राहिला.