नव्वद दिवसांचा मुक्काम

पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा अर्ज पुढं सरकवला, तेव्हा महादेवप्पांनी शेजारी बसलेल्या स्वतःच्या लेकीकडं पाहिलं. बर्फावरच्या जोडीनृत्यात ऑलिम्पिकला उतरायचं तर दोघंही एकाच देशाचे नागरिक लागतात, म्हणून अक्षतानं भारताचं नागरिकत्व सोडून जोडीदाराच्या देशाचं घेतलं होतं. नवा पासपोर्ट आला त्या दिवशी महादेवप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. सहा महिन्यांत जोडीदारानं नृत्यासाठी दुसरी मुलगी निवडली. “पाहुणीचं जन्मगाव?” हवालदारानं विचारलं. “हितंच की, सोलापूर,” महादेवप्पा म्हणाले. “मुक्काम किती दिवस?” “व्हिसा नव्वद दिवसांचा हाय,” अक्षता म्हणाली. “मग परत तिकडंच जाणार व्हय गं?” महादेवप्पांनी हळूच विचारलं. “तिकडं माझं कोण हाय, अप्पा? पण हितनं निघायला तर लागणारच की.” हवालदारानं अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं. ‘यजमान’ असं छापलेल्या जागेपुढं महादेवप्पांनी सही केली.