इकाची नाळ

"ऊन चढल्यावरच निघू या," वेही म्हणाली. "सकाळी ज्वालामुखीचा धूर खाली उतरलेला असतो. तान्ह्या इकाला सोसायचा नाही. आणि जाऊन लगेच परत."

खरं कारण वेगळं होतं. भर उन्हात, वाऱ्यात कुणी नाळेची पुडी उघडून निरखत बसणार नाही, हा तिचा हिशेब.

ज्वालामुखीच्या त्या राष्ट्रीय उद्यानात काळ्या कातळाचं एक पठार होतं. नवऱ्याच्या घराण्यातल्या प्रत्येक मुलाची नाळ तिथे ठेवलेली. कातळात कोरलेलं लहानसं भोक, त्यात वाळलेली नाळ, वर दगड. मूल दीर्घायुषी होतं म्हणतात. आणि नाळ उंदराने पळवली तर मूल चोर निघतं, असंही म्हणतात.

इकाची नाळ उंदराने पळवली होती. वेहीने ती खिडकीत वाळत ठेवली होती. सकाळी बघते तर चिंधी कुरतडलेली, शेजारी लेंड्या. कॉलेजात शिकलेली ती, असल्या गोष्टींवर हसणारी. पण त्या दिवसापासून इकाने कुणाचा चष्मा ओढला तरी ती लगेच त्याची बोटं सोडवायची. झोपलेल्या पोराची मूठ ती उघडून बघायची. शेवटी तिने आल्याचं टोक वाळवलं, घरच्या रीतीप्रमाणे लाल दोऱ्याने बांधलं आणि पुडीत घातलं. कुणाला, अगदी नवऱ्याला, कामुएलालाही, पत्ता लागू दिला नाही.

धास्ती होती ती सासूबाईंची. नातू झाल्यापासून सगळे त्यांना तूतू, म्हणजे आजी, म्हणत. पण तूतूंनी एका शब्दाने खोडा घातला नाही.

"उन्हात तर उन्हात. तिथे रेंगाळायचंय कशाला? ठेवायची, झाकायची, घरी यायचं."

वेहीचा जीव भांड्यात पडला.

"कामुएलाची मी माझ्या हातांनी ठेवलीय," भाताच्या मुसुबी, म्हणजे मुटके, बांधता बांधता तूतूंनी नेहमीचं सुरू केलं. "उभ्या हिलो गावात विचार, दुसऱ्याच्या काडीला तरी शिवलाय का तो."

ते वेहीलाही मान्य होतं. नवरा लाघवी, माणसं त्याच्यावर जीव टाकत. इकाची ढकलगाडी बंदरावरच्या मित्राने दिलेली. मोटारीत इकाला बसवायची खुर्ची कुणा दुकानदार दोस्ताची, किमतीची चिठ्ठी अजून लोंबतेय. परवाचं ड्रिल मशीनही असंच, कुणीतरी "ठेव तुला" म्हणून हातात दिलेलं.

पोर बापावर जाऊ दे, बाकी काही नको, असं ती मनाशी म्हणायची.

उद्यानात पोचल्यावर कामुएला म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी पाण्याची बाटली घेऊन आलोच. दोघी कातळावरून चालत निघाल्या. इका तूतूंच्या कडेवर. बरंच चालून गेल्यावर तूतू थांबल्या.

"हा दगड कामुएलाचा. शेजारचं भोक रिकामं आहे, तिथे ठेव."

वेही गुडघ्यांवर बसली. पुडी उघडून दाखव, असं तूतू म्हणतील म्हणून तिने ती मुठीत घट्ट धरली होती. पण तूतू समुद्राकडे बघत होत्या. तिने पुडी आत सारली. झाकायला काहीतरी हवं, म्हणून घाईघाईत हाताशी आलेला दगड उचलला.

"तो नको," तूतू म्हणाल्या.

उशीर झाला होता. कामुएलाच्या दगडाखाली, लाल दोऱ्याने बांधलेला, रबरी सपातेच्या पट्ट्याचा तुकडा पडला होता.

तूतू खाली वाकल्या.

"झाक," त्या हलकेच म्हणाल्या. "मीही खिडकीतच वाळत घातली होती."

वेहीने दगड जागच्या जागी ठेवला, दुसरा एक इकाच्या पुडीवर सारला. मागे पावलं वाजली. कामुएला हसत येत होता. हातात बाटली नव्हती, गळ्यात नवीकोरी दुर्बीण होती.

"एका पाहुण्याने दिली," तो म्हणाला. "म्हणे, ठेव तुला. चला, निघू या लवकर."