डब्यांची रांग

"तू बनवलेल्या गेममध्ये तलवारच नाही?" दादाने माउस आपटला. "डबा घेऊन गिरणीत दळणासाठी ताटकळणारी कसली गं ही हिरॉईन? मला कंटाळा आला, तर शाळेच्या प्रदर्शनात न्यायचा नाही हं!"

"खेळ तर," शर्वरी म्हणाली. तिने माउस पुन्हा त्याच्याकडे सरकवला.

पडद्यावरच्या मिशाळ काकांनी हिरॉईनचा डबा रांगेतून मागे ढकलून आपला पुढे ठेवला. दादाने ‘बोल’ दाबलं. तिने नुसती मान खाली घातली. पुढच्या खेपेला तोंडून ‘काका…’ एवढंच फुटलं. त्याच्या पुढच्या खेपेला आवाज चढला, पण डबा मागेच राहिला. दादा इरेला पेटला. चहा निवला तरी उठेना.

अखेर हिरॉईनने स्वतःचा डबा उचलून पुन्हा पुढे ठेवला. "काका, नंबर माझा आहे!"

"शाब्बास!" दादा खुर्चीतून उडालाच. "जाणार हा प्रदर्शनात!" मग थबकला. "ए, काल तू दळण घेऊन नाचत घरी आलीस, ते यासाठी?"

"मग!" शर्वरीने कॉलर ताठ केली. "शेवट कालच लिहिला. मला जमल्याशिवाय तिला कसं जमू देणार?"