चावी कुणाच्या हाती

बोलता बोलता आजींनी फोन ठेवून दिला.

एकट्या माणसांना सोबत पुरवणाऱ्या संस्थेच्या समन्वयक ताई हातातल्या मोबाइलकडे बघतच राहिल्या. तोच संस्थेच्या नंबरवर घंटी वाजली.

“रागावू नका हं,” पलीकडे आजीच होत्या. “अनोळखी माणूस घरातलं विचारायला लागला की फोन ठेवायचा आणि संस्थेचा नंबर आपण शोधून लावायचा. सुतारानेच शिकवलंय मला.”

ताईंना हसू आलं. याच सुताराने संस्थेच्या वेबसाइटवर स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवलं होतं. दृष्टी गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या एका बाईंना सोबत हवी होती. त्यांना उठून दार उघडणं जमत नसे, त्यामुळे येणाऱ्याच्या हाती घराची चावीच द्यावी लागणार होती. माणूस चुकीचा निघाला तर बाईंना कळलंही नसतं. म्हणून पोलिसांचा दाखला मागवण्याआधी ताई स्वयंसेवकाच्या ओळखीच्या दोघांशी स्वतः बोलत. सुताराच्या मालकाने तोंड भरून कौतुक केलं होतं. आता आजी उरल्या होत्या.

“कुणाकडे जायचंय त्याला?” आजींनी विचारलं.

“ते नाही सांगता येणार, आजी.”

“सांगूच नका. मी आपली तुमची परीक्षा घेत होते!”

“बरं, पास झाले ना मी? आता सांगा, तुमच्याकडे येणंजाणं आहे त्याचं?”

“येणंजाणं? अहो, खिडक्यांचे गज त्याने बसवले, दाराला आतून साखळी लावली. गुडघ्यांनी मला अंथरुणाला खिळवलं, तेव्हा रोज कामावर जाताना दूध ठेवून जायचा. पोटच्या मुलाचा फोन येतो, हा स्वतः येतो. देवापुढे हात जोडले की आधी त्याच्यासाठी मागते, मग माझ्यासाठी.”

“तुमच्या घराची चावी देता त्याला?”

“त्याच्याकडेच असते. तो घरात असला की मी बिनघोर डोळा लावते.”

अशी माणसं भेटतात, हेच या कामातलं भाग्य, असं ताईंना वाटलं. मनोमन त्यांनी चावी देऊनही टाकली.

“एकच राहिलं, आजी. त्याची नि तुमची पहिली भेट कुठे झाली?”

“खोटं न बोलण्याचं व्रत आहे माझं, म्हणून सांगते,” आजी हळूच म्हणाल्या. “माझ्याच घरात, बाळा. मी लवकर परतले, आणि हा माझं कपाट फोडत होता.”