उद्याची तोड

शेतकऱ्यांना ऊसतोडीचे मेसेज पाठवणारा कारखान्याचा प्रोग्रॅम ती श्रीगोंद्याजवळच्या घरातूनच सांभाळायची. सर्व्हर दोन होते, एक खरा, एक चाचणीचा. दुपारी घाईत तिनं खऱ्याचं सेटिंग चाचणीच्या सर्व्हरवर टाकलं आणि ‘उद्या तुमच्या उसाला तोड आहे’ हा नमुन्याचा मेसेज सगळ्या शेतकऱ्यांना गेला. संध्याकाळी चूक लक्षात येताच तिनं सेटिंग सुधारलं आणि माफीचा मेसेज लिहून पाठवला. तेवढ्यात वडील रानातून आले. हात काळे, अंगाला धुराचा वास. काडेपेटी त्यांनी तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवली. “महिन्यानं हुती पाळी, उद्यावर आली बघ. फड पेटवला, टोळीला तोडाया सोपं.” “अण्णा, मला विचारायचं तरी!” “इचारायचं काय? तुझ्याच कामाचा मेसेज हाय.” पेटवलेला ऊस महिनाभर टिकत नाही. त्यांचा मोबाईल वाजला; त्यांनी तिच्यापुढं धरला. “चष्मा बांधावर राहिला. वाच मोठ्यानं.”